तीन खोल्या, तीन संडास

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. कल्याणला एका हॉलमध्ये छोट्या गुंतवणूकदारांसाठी शिबिर होतं. फुकट होतं म्हणून गेलो. समोसा चांगला होता. तिथल्या गृहस्थांनी दोन गोष्टी डोक्यात घातल्या. एक, मनात येईल ते लिहून काढावं, म्हणजे माणूस स्वतःला फसवत नाही. दोन, अख्खं घर एकाच कुटुंबाला भाड्याने देणं म्हणजे पैसा झोपवून ठेवणं.

माझा पैसा झोपलाय उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. आई-बाबांचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन बेडरूमचा. दोघं गेल्यावर तो माझ्या नावावर झाला आणि मी दिपेश नावाच्या किराणा दुकानदाराला अकरा महिन्यांच्या कराराने दिला. भाडं इतकं कमी की कोणी विचारलं तर मी विषय बदलतो. इकडे चिखलोलीला आम्ही ज्या टॉवरमध्ये राहतो त्या घराचा हप्ता मात्र कधी विषय बदलत नाही. स्टेशन होणार म्हणून इथे घर घेतलं. स्टेशन होईल तेव्हा होईल, हप्ता आधीपासून चालू आहे.

शिबिरातल्या माणसाचं म्हणणं, खोल्या पाडा आणि प्रत्येक खोलीला स्वतःचा संडास-बाथरूम द्या. भाडेकरू सगळं सहन करतो, संडासापुढची रांग सहन करत नाही. हे मला एकदम पटलं. येताना रिक्षातच हिशेब मांडला. तीन खोल्या, तीन संडास, भाडं जवळजवळ तिप्पट.

घरी बायकोला, हिमानीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "गोदूमावशीला विचारलंस का? तिच्या डोक्यावर तर आहे ते घर." मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, कळवू.

१७ नोव्हेंबर, रविवार

दिपेशला सांगून आलो. त्याच्या कराराचे चार महिने बाकी होते, म्हणून नेहमीचं कारण दिलं. म्हटलं, स्लॅब कमजोर झालाय, रिपेअरिंग काढायचंय, उद्या काही झालं तर मला घोर लागायचा. सगळे मालक हेच सांगतात. दुसरं काही सांगितलं की भाडेकरू कायदा काढतो. दिपेशने वर बघितलं, मग पायाखाली बघितलं. त्याच्या बायकोने झोपलेलं मूल उचलून दाराजवळ नेलं आणि तिथेच उभी राहिली. जरा कसंतरी वाटलं. पण महिनाअखेर जागा खाली करतो म्हणाला, डिपॉझिट लगेच परत देणार असं मीही कबूल केलं.

उतरताना गोदूमावशीकडे चहा. ती आमची नात्याने कोणीच नाही. आई टेलिफोनच्या नोकरीत होती, तेव्हा शाळेतून आलो की मी हिच्याकडे जेवायचो, हिच्याच पलंगावर झोपायचो. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तळमजल्यावर एकटी राहते आणि जीन्सच्या कारखान्यातून गठ्ठे आणून पँटींचे धागे कापून देते. तिने जिन्यातून सगळं ऐकलं होतं.

"स्लॅब खरंच कमजोर आहे का रे?"

मी हसलो. म्हटलं, अगं तसं म्हणायचं असतं.

ती बराच वेळ पँट झटकत राहिली. मग म्हणाली, "घराला असं म्हणू नये रे बाबा." म्हातारी माणसं.

८ डिसेंबर, रविवार

काम सुरू. ठेकेदार राजेंद्र, अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ राहतो, बोलायला फटकळ पण हात चालतो. आल्या आल्या म्हणाला, "साहेब, तीन संडास पायजे तर जमीन उचलावी लागेल. पाइपला ढाळ नको काय? नाहीतर सगळा माल तिकडेच बसेल." म्हणजे जुन्या लादीवर भर टाकायची, तिच्यात पाइप पुरायचे आणि वर नवीन लादी. जवळजवळ पाऊण हात जमीन वर येणार.

इथे मी डोकं चालवलं. दोन भिंती फोडून निघालेल्या विटा आणि सगळा राडारोडा बाहेर टाकायला टेम्पो लागला असता. मी म्हटलं, तोच भरीला वापर. सगळा माल घरातल्या घरात जिरला. राजेंद्रसुद्धा म्हणाला, साहेब तुम्ही आमच्या लाईनीत यायला पाहिजे होतं.

पाण्याचा भरवसा नाही म्हणून प्रत्येक संडासावर एक टाकी बसवतोय. टाकी बघून राजेंद्र थोडा वेळ डोकं खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, एकदा इंजिनिअरला दाखवायचं का, खालचा स्लॅब जुना आहे. मी म्हटलं, ही इमारत माझ्या मुंजीच्या आधीची आहे आणि अजून उभी आहे. इंजिनिअर आला की आधी फी घेतो आणि मग भीती घालतो. राजेंद्र म्हणाला, बघा, मी बोललो होतो हां. त्याला कामाचे दिवस वाढवायचे असतील.

परवानगीचा प्रश्न नाही. सोसायटी नोंदलेलीच नाही, आणि माझ्या वरच्या घराला तर कित्येक वर्षं कुलूप आहे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

लाद्या बसल्या. संडासांत निळ्या टाइल्स, कमोड पांढरेशुभ्र. मी प्रत्येकाचा फ्लश ओढून बघितला. आईला हे बघायला मिळायला हवं होतं.

गोदूमावशीची तक्रार. वरून रेती पडते म्हणे. पलंगावर, चहाच्या कपात. मी गेलो, बघितलं, खरंच चादरीवर थोडं भुरभुरलेलं होतं. म्हटलं, मावशी, दिवसभर जीन्स झटकतेस, त्याची धूळ असेल.

"जीन्सची धूळ निळी असते रे," ती म्हणाली.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. काम चालू असताना थोडं पडणारच. आमच्या इथे चिखलोलीला वरच्या मजल्यावर कोणीतरी रोज टाइल्स कापतंय, त्या आवाजाने डोकं उठतं, मी काय त्यांच्या दारात जाऊन बसतो का? सोसायटीच्या ग्रुपवर एक खरमरीत मेसेज टाकला आणि विषय संपवला.

१९ जानेवारी, रविवार

मावशीचं तोंड गोड केलं. राजेंद्रचा माणूस होताच, त्याच्याकडून तिच्या बेडरूमला पीओपीचं छत करून दिलं, माझ्या खर्चाने. कडेने नक्षी, मधे फूल. आता एक कण खाली पडणार नाही. मावशी दारात उभी राहून बघत होती. मी विचारलं, आवडलं का? म्हणाली, "छान आहे. आता काही दिसत नाही."

मला वाटलं होतं, जरा जास्त खूश होईल.

२३ फेब्रुवारी, रविवार

तिन्ही खोल्या गेल्या. पहिल्या खोलीत नुकतं लग्न झालेलं सोलापूरकडचं जोडपं. दुसऱ्या खोलीत कॉलेजची दोन मुलं. तिसऱ्या खोलीत जितेश, अंबरनाथच्या एका कंपनीत कायमचा रात्रपाळीला, दिवसभर झोपतो. आदर्श भाडेकरू. वीज नाही, पाणी नाही, पाहुणे नाहीत. करार झाले, पोलिसांकडे नोंदी झाल्या.

कॅम्पात दिपेश भेटला. त्याच्या नव्या जागेखालीच त्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हणाला, "काय शेठ, स्लॅब झाला का मजबूत? तीन-तीन फॅमिली ठेवल्या म्हणे." सगळे हसले. मीही हसलो. धंद्यात कातडी जाड लागते, असं शिबिरातला माणूस म्हणालाच होता. तरी घरी येईपर्यंत कान गरम होते.

३० मार्च, गुढीपाडवा

श्रीखंड घेऊन मावशीकडे गेलो. पलंग बेडरूममध्ये तसाच, पण ती हल्ली स्वयंपाकघरात खाली सतरंजी टाकून झोपते. का विचारलं तर म्हणाली, "वारा छान येतो इकडे." मार्च महिन्यात, ओट्याखाली, सिलिंडरच्या शेजारी कसला वारा? मग म्हणाली, वरती पाणी सोडलं की त्या खोलीत आवाज येतो. मी म्हटलं, पाइप आहेत, आवाज येणारच. ती म्हणाली, "पाइपाचा नाही रे. कण्हल्यासारखा."

हिमानीला सांगितलं, मावशीचं वय दिसायला लागलं. श्रीखंड खाल्लं नाही हिमानीने.

२० एप्रिल, रविवार

जितेशचा फोन. दार लागत नाही. सुतार नेला, त्याने दाराची वरची कड रंधून दिली. सुतार म्हणतो चौकट तिरकी झाली आहे. मी म्हटलं, नव्या घराची चौकट तिरकी कशी होईल, तू बसवतानाच तिरकी बसवली असशील. उन्हाने लाकूड तडकतं, त्यातलाच प्रकार. कॉलेजच्या मुलांच्या बाथरूमची एक टाइलही उडाली. टाइल्स उन्हात उडतात. मी नेटवर वाचलं आहे.

११ मे, रविवार

दार पुन्हा अडतंय. पुन्हा रंधलं. जितेश म्हणाला, "काका, अभी जास्ती रंधा मारला ना, तो दरवाजा की जगह पडदा लावावा लागेल." विनोदी मुलगा आहे.

मावशीने बेडरूममधला पंखा काढून घेतला आहे. थरथरतो म्हणाली. पीओपीच्या फुलाशेजारी वीतभर फट दिसली. उद्या पुट्टी पाठवतो.

१५ जून, रविवार

पुट्टी भरली होती, फट पुन्हा आली. शिवाय पाण्याचा डाग. पावसाळा आहे, डाग पडणारच. रंग मारून घेऊ, आणि मग मावशीने तो बघत बसू नये म्हणजे झालं.

खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. आज तिच्या बेडरूममध्ये उभा राहून वर बघत होतो. लहानपणी याच पलंगावर झोपून मी वरच्या पांढऱ्या छताकडे बघत पाढे म्हणायचो. ते छत तेव्हा सरळ होतं. आता पीओपीची कड मधे किंचित खाली आल्यासारखी वाटली. कारागिरानेच तशी केली असेल. इंजिनिअरला बोलवावं असं मनात आलं. मग वाटलं, तो म्हणाला खोल्या खाली करा, तर? हप्ता कोण भरणार? बोलवलं नाही.

६ जुलै, रविवार

मोठी कल्पना सुचली. कॅम्पातल्या एका खाजगी दवाखान्यात किर्ती नावाची नर्स आहे, मूळची साताऱ्याकडची, जागेच्या शोधात. माझ्याकडे खोली शिल्लक नाही. पण मावशीचं बेडरूम? चार महिने रिकामं पडलंय. झोपते स्वयंपाकघरात. भाडं मावशीला, त्यातला थोडा भाग व्यवस्था बघतो म्हणून मला, आणि म्हातारीला घरात सोबत. नर्सची सोबत म्हणजे तर सोन्याहून पिवळं. यात कोणाचं नुकसान आहे? शोधून सापडत नाही.

१३ जुलै, रविवार

मावशी नाही म्हणाली.

तिने मला आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. मी तिला समजावलं की धागे कापून डोळे जाताहेत, घरबसल्या पैसे येतील. मान खाली घालून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "ती खोली नको रे देऊ." कारण विचारलं तर कात्री उचलून धागे कापायला लागली. मला राग आला. इतका खर्च करून छत करून दिलं, आणि उपयोग कोणाला? कुणाला नाही. शेजाऱ्यांचं असंच असतं, मी भाडं खातोय हे तिच्या डोळ्यात खुपत असणार. हे लिहिताना मला ते खरं वाटत नाही, पण राग आहे.

२० जुलै, रविवार

हिमानीला पाठवलं, बायका बायकांचं ऐकतात म्हणून. ती दोन तास बसून आली आणि आल्यावर मला एकच विचारलं, "तू त्या खोलीत शेवटचा कधी झोपला होतास?"

मी म्हटलं, माझा काय संबंध.

"काही नाही," ती म्हणाली. "झोपून बघ एकदा." आणि आत गेली. आजकाल सगळे कोड्यात बोलतात.

किर्तीचा पुन्हा फोन. हॉस्टेल महिनाअखेर सोडावं लागणार, रडवेली झाली होती. तिला सांगून टाकलं की दोन तारखेला, शनिवारी सामान घेऊन ये, मावशीशी माझं बोलणं झालंय. बोलणं झालंच आहे. काय झालं ते फक्त सांगितलं नाही. समोर मुलगी बॅग घेऊन उभी राहिली की मावशी तिला परत पाठवणार नाही. मी तिला ओळखतो.

२ ऑगस्ट, शनिवार

जमेल तसं लिहितो.

सकाळी अकराला किर्ती आली. एक बॅग, एक बादली, गुंडाळलेली गादी. मी तिला मावशीच्या दारात नेलं. मावशी दारात उभी राहिली आणि बाजूला झाली नाही. किर्ती म्हणाली, मावशी, मी जास्त त्रास देणार नाही. मी म्हटलं, आता आत तर येऊ दे. मावशीने चौकटीला दोन्ही हात लावले.

"मी स्वतः त्या खोलीत झोपत नाही," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या लेकीला कशी झोपवू?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला सांगत होते की रे मी. रेती सांगितली, आवाज सांगितला. तू दर वेळी काहीतरी आणून लावत गेलास. पोटचा नाहीस म्हणून तोडून बोलता आलं नाही मला."

मी आत गेलो. स्टुलावर चढलो आणि भाजीची सुरी पीओपीच्या फटीत घातली. पीओपीचा तुकडा सुटला आणि वरून काँक्रीटचे तुकडे धडाधड माझ्या खांद्यावर, पलंगावर पडले. जे सहा महिने गळत होतं ते सगळं पीओपीवर साठून राहिलं होतं. मोबाइलचा उजेड वर मारला. स्लॅब मधे खाली आला होता. गंजून सुटलेल्या सळया लोंबत होत्या. एका भेगेतून माझ्या संडासाचं पाणी टपटपत होतं.

किर्ती बादली हातात धरून दारातच उभी होती. तिला मी म्हटलं, बाहेर जा. मावशीलाही बाहेर काढलं आणि वर धावलो.

पहिलं दार त्या जोडप्याचं. म्हटलं, खोली खाली करा, आत्ता, स्लॅब पडणार आहे. नवऱ्याने बायकोकडे बघितलं. कॉलेजची मुलं बाहेर आली. त्यातला एक म्हणाला, "काका, हेच तुम्ही दिपेशभाईंना पण सांगितलं होतं ना? ते दुकानात सगळ्यांना सांगतात. जास्त भाडं देणारा मिळाला का?"

हात जोडले. म्हटलं, तेव्हा खोटं होतं, आता खरं आहे. हे वाक्य माझ्याच कानाला खोटं वाटलं. शेवटी म्हटलं, विश्वास ठेवू नका, फक्त खाली येऊन बघा. ती मुलं खाली गेली. वर आली ती थेट पुस्तकं भरायला लागली. एकाने त्या बाईची पिशवी उचलली.

राहिला जितेश. रात्रपाळी करून आलेला, झोपलेला. फोन बंद. दार ठोठावायला हात उचलला आणि तसाच राहिला. ठोठावायची भीती वाटली. हाका मारल्या. बऱ्याच वेळाने आतून झोपेतला आवाज आला, "काका, सोने दो ना. करार अकरा महिन्यांचा आहे, मला माहितीये सगळं." मी ओरडलो, विनवलं, भाडं नको म्हटलं, डिपॉझिट दुप्पट देतो म्हटलं. दुप्पट म्हटल्यावर तर हे नाटक आहे अशी त्याची खात्रीच पटली असणार. आतून पंखा मोठा केल्याचा आवाज आला.

मागे बघतो तर मावशी जिना चढून आलेली. मी तिला खाली पाठवणार होतो. ती दाराशी वाकली आणि घरच्या माणसाला उठवावं तशी म्हणाली, "जितेश, मी खालची मावशी. बाळा, तुझ्या खाली काही उरलेलं नाही. कडेकडेने ये."

आत पलंग वाजला. त्याने कडी काढली. दार हललं नाही. त्याने ओढलं, चौकट करकरली, आणि त्या आवाजाबरोबर माझ्या पायाखालची लादी किंचित दबली. मी म्हटलं, ओढू नकोस, अजिबात ओढू नकोस. मी दोन वेळा रंधून घेतलेलं दार. मला त्या सुताराचा चेहरा आठवत होता.

राजेंद्रला फोन लावला. तो म्हणाला, धक्का मारू नका, बिजागऱ्यांचे स्क्रू आतून काढायला सांगा. जितेशकडे स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. चमच्याच्या टोकाने तो एकेक स्क्रू फिरवू लागला. पडला की लादीवर वाजायचा, आणि तो थांबायचा. मधेच तो आतून म्हणाला, "काका, जमीन तिरकी लागतेय." मी म्हटलं, बघू नकोस, स्क्रू काढ. मावशी माझ्या शेजारी उभी होती. तिला जा म्हटलं तर गेली नाही. तिने माझं मनगट धरलं होतं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं.

दार सुटलं. तो भिंतीला पाठ लावून, अनवाणी, बनियनवर बाहेर आला. आम्ही तिघं जिना उतरलो. खाली आल्यावर तो गटाराच्या कडेला बसला. किर्तीने त्याला पाणी दिलं.

मग महापालिकेची माणसं आली आणि इमारत रिकामी करून दोरी बांधली.

४ ऑगस्ट, सोमवार

आज दुपारी स्लॅब पडला. ऑफिसात फोन आला, मी रिक्षाने गेलो. दोरीबाहेरून मावशीच्या खिडकीतून आत दिसत होतं. जितेशची खोली सगळी तिच्या खोलीत उतरली होती. मी जिरवलेल्या विटा, निळ्या टाइल्स, फुटलेली टाकी. आणि तिच्या पलंगावर, जिथे मी पाढे म्हणत झोपायचो तिथे, माझा पांढरा कमोड उभा होता. न फुटता.

गर्दीत दिपेश होता. मला वाटलं आता बोलेल. पण त्याने फक्त माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या मुलाला कडेवर उचलून घेतलं.

मी रस्त्यावर बसून रडलो. लोक म्हणत होते, घर गेलं बिचाऱ्याचं. मी कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

१० ऑगस्ट, रविवार

सगळ्यांची डिपॉझिटं परत केली, हिमानीच्या बांगड्या त्यात गेल्या. जितेशने पैसे घेतले आणि मोजले नाहीत. हप्त्याचं काय करायचं ते माहीत नाही. महापालिकेची नोटीस आली आहे, जबाबाला जायचं आहे. विचारतील ते सगळं सांगणार आहे, राजेंद्र बोलला होता तेही.

मावशी आठवडाभर तिच्या जीन्सच्या कारखान्यातल्या एका बाईकडे होती. आज तिला इथे, चिखलोलीला आणली. एक पिशवी आणि धागे कापायची कात्री एवढंच तिच्याबरोबर आलं. मी तिला आमची मोठी खोली दिली. हिमानी नवीन चादर घालत होती. मावशी आत आली नाही. उंबऱ्यात उभी राहून तिने वर बघितलं. पांढरं, सपाट छत. वरून नेहमीचा टाइल्स कापण्याचा आवाज येत होता.

"वर कोण राहतं रे?" तिने विचारलं.

जानेवारीपासून त्यांच्याविरुद्ध मी ग्रुपवर मेसेज टाकतोय. नाव माहीत नाही.

"माहीत नाही," मी म्हटलं.

हिमानीचा हात चादरीवर थांबला. मावशी पिशवी खांद्यावरून न काढता तशीच उभी राहिली.

मी चप्पल घालून वर गेलो. दार उघडंच होतं. पॅसेजमध्ये सिमेंटची पोती, फोडलेल्या विटांचा ढीग. माझ्याच वयाचा एक माणूस हात पुसत बाहेर आला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, सॉरी हं, आवाजाचा त्रास होतोय ना, आता थोडंच राहिलंय.

मी म्हटलं, आवाजाचं नाही. जरा खाली चला, तुमच्या खाली कोण राहतं ते एकदा बघून घ्या.

तो सिमेंटच्या पोत्यांमागे चपला शोधायला लागला.